ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये शोध रिकामा निघाला तर काय दाखवावे

सोलापुरात चादरी, टेरी टॉवेल किंवा शाळेचे गणवेश यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या पेढीवर पार्ट्यांची खाती, बिले आणि उधारी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलमध्ये ठेवलेली असतील, तर दिवसभर सर्वांत जास्त उघडा राहणारा फॉर्म हा शोधाचाच असतो. पार्टीचा फोन येतो, दिवाणजी नाव टाइप करतात, ‘शोधा’ हे बटण दाबतात आणि समोर येणाऱ्या ओळींवर विसंबून उत्तर देतात. ओळी आल्या तर प्रश्न उरत नाही. एकही ओळ आली नाही तर काय दाखवायचे, याचा विचार मात्र फॉर्म बनवताना बहुधा झालेलाच नसतो, आणि मग स्क्रीनवर नुसती पांढरी जागा दिसते. त्या पांढऱ्या जागेचे किमान तीन अर्थ होऊ शकतात: अशी नोंद खरोखरच नाही; नोंद आहे, पण दिलेल्या अटींत ती बसली नाही; किंवा शोध मुळात चाललाच नाही. हे तीन अर्थ एकमेकांपासून वेगळे दिसतील असा फॉर्म कसा करावा, ते येथे सांगितले आहे.

हा भेद केवळ दिसण्यापुरता नाही. ‘खाते नाही’ असे समजून दिवाणजींनी नवे खाते उघडले, की एकाच पार्टीची दोन खाती होतात. मालाची बिले एका खात्यावर नावे पडत राहतात आणि आलेले पैसे दुसऱ्या खात्यावर जमा होतात. पुढे वसुलीची यादी काढली की ज्याने वेळेवर पैसे दिले तोच थकबाकीदार दिसतो. अशी दोन खाती मागाहून एकत्र करणे हे अतिशय कष्टाचे काम असते, म्हणून ती निर्माणच होऊ नयेत याची काळजी शोधाच्या फॉर्मनेच घेतली पाहिजे.

फॉर्मची मांडणी

टेबलाशी किंवा क्वेरीशी (टेबलातून अटींनुसार नोंदी निवडणाऱ्या मागणीशी) जोडलेला फॉर्म रिकामा झाल्यावर कसा वागतो, हे मुख्यतः ‘अलाउ ॲडिशन्स’ या प्रॉपर्टीवर अवलंबून असते. ती ‘यस’ असेल तर ॲक्सेस नव्या नोंदीची कोरी ओळ दाखवतो. ती ‘नो’ असेल, किंवा मूळ क्वेरीतच नवी नोंद भरण्याची सोय नसेल, तर डिटेल, म्हणजे फॉर्मचा नोंदी दाखवणारा मधला विभाग, संपूर्ण कोरा होतो आणि त्यातले रकाने, लेबले, बटणे यांपैकी काहीही दिसत नाही. हेडर आणि फूटर, म्हणजे वरचा आणि खालचा पट्टा, तेवढे जागेवर राहतात. शोधाचे रकाने डिटेलमध्ये ठेवले असतील तर तेही नाहीसे होतात आणि दिवाणजींना दुसऱ्यांदा शोधायलाही जागा राहत नाही.

या दोहोंत पहिला प्रकार अधिक घातक आहे असे माझे मत आहे. कोरी ओळ समोर आली की माणूस स्वाभाविकपणे तिच्यात टाइप करू लागतो, आणि एक अक्षर पडताच नवी नोंद तयार होऊ लागते. पुढच्या ओळीवर जाताना किंवा फॉर्म बंद करताना ती जतनही होते. अर्धवट नावाची, गाव नसलेली, फोन नसलेली खाती बऱ्याचदा अशीच जन्माला आलेली असतात.

म्हणून शोधाचा मुख्य फॉर्म कोणत्याही टेबलाशी न जोडता तयार करावा आणि शोधाचे रकाने, बटणे व संदेश त्यात ठेवावेत. निकालाच्या ओळी दाखवण्यासाठी त्यात एक सबफॉर्म, म्हणजे फॉर्मच्या आतला फॉर्म, बसवावा आणि त्या सबफॉर्मच्या ‘अलाउ ॲडिशन्स’, ‘अलाउ एडिट्स’ आणि ‘अलाउ डिलीशन्स’ या तिन्ही प्रॉपर्टी ‘नो’ ठेवाव्यात. न जोडलेला मुख्य फॉर्म कधीच कोरा होत नाही, त्यामुळे निकाल रिकामा असला तरी रकाने आणि संदेश शाबूत राहतात. एकाच फॉर्ममध्ये हेडरला रकाने आणि डिटेलला ओळी अशी मांडणीही चालते. मात्र तिथे ‘अलाउ एडिट्स’ ‘नो’ केले की हेडरमधल्या न जोडलेल्या रकान्यांतही टाइप करता येत नाही, आणि डिटेल कोरा असताना हेडरमधल्या रकान्यांच्या किमती, म्हणजे त्यांत भरलेला मजकूर किंवा आकडे, वाचताना चुका येऊ शकतात. सबफॉर्मची मांडणी करायला थोडा वेळ जास्त लागतो, पण हे दोन्ही त्रास टळतात.

‘नवे खाते’ या बटणाने वेगळा फॉर्म उघडावा आणि तो फक्त नवी नोंद भरण्यासाठीच उघडेल असे पाहावे. शोधणे आणि भरणे ही दोन कामे एका खिडकीत एकत्र आणू नयेत.

अटी जोडताना

‘शोधा’ दाबल्यावर जे रकाने भरलेले आहेत तेवढ्यांच्याच अटी जोडाव्यात. न भरलेल्या रकान्याची किंमत कोरा मजकूर नसून ‘नल’, म्हणजे किंमतच दिलेली नसणे, असते, म्हणून रकान्याच्या किमतीला कोरा मजकूर जोडून, ‘ट्रिम’ फंक्शनने आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढून, उरलेल्या मजकुराची लांबी तपासावी. ती शून्य असेल तर तो रकाना सोडून द्यावा. सगळेच रकाने रिकामे असतील तर शोध चालवू नये. ‘नाव, गाव, फोन किंवा तारीख यांपैकी किमान एक रकाना भरा’ असे लिहून दाखवावे. काहीच विचारले नसताना ‘काहीच सापडले नाही’ असे उत्तर देणारा फॉर्म माणसाला चुकीच्या दिशेला नेतो.

काही फॉर्ममध्ये सगळ्या अटी क्वेरीतच कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक अटीत रकान्याच्या दोन्ही बाजूंना तारका लावून ‘लाइक’ (अंशतः जुळणारा मजकूर शोधण्याची खूण) वापरलेले असते. रकाना कोरा असला की फक्त दोन तारका उरतात आणि सगळ्या नोंदी येतील असे वाटते. प्रत्यक्षात ज्या नोंदीत ते फील्डच ‘नल’ आहे ती नोंद ‘लाइक’ला कधीच जुळत नाही. गाव न लिहिलेले खाते त्यामुळे नावाने शोधले तरी सापडत नाही, आणि ते खाते टेबलात डोळ्यांसमोर असूनही फॉर्म मात्र रिकामा राहतो. भरलेल्या रकान्यांच्याच अटी जोडल्या की हा दोष राहत नाही.

अवतरणचिन्हांचीही काळजी घ्यावी लागते. दुकानाच्या इंग्रजी नावात वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) असेल आणि अट एकेरी अवतरणात लिहिली असेल, तर अट मध्येच तुटते आणि ॲक्सेस बहुधा ३०७५ क्रमांकाची चूक दाखवतो. ‘रिप्लेस’ फंक्शनने त्या एका चिन्हाची दोन चिन्हे केली की अट शाबूत राहते. डिझाइन नंबरात हॅशचे चिन्ह, तारका, प्रश्नचिन्ह किंवा उघडता चौकोनी कंस येत असेल, तर ‘लाइक’मध्ये त्या चिन्हांना स्वतःचा वेगळा अर्थ असतो, असे चिन्ह चौकोनी कंसात बसवून द्यावे.

तारखेचा प्रश्न आपल्याकडे विशेष फसवा आहे. कोडमधून जोडलेल्या अटीत दोन हॅशच्या मध्ये लिहिलेली तारीख ॲक्सेस अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस, अशी वाचतो. ०५/०३/२०२४ ही आपली ५ मार्च त्याच्यासाठी ३ मे होते. २५/०३/२०२४ मध्ये पंचविसावा महिना शक्य नसल्यामुळे तो ती बरोबर वाचतो. याचा परिणाम असा, की महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे शोध नीट चालतो आणि १ ते १२ तारखांना तो रिकामा तरी निघतो किंवा भलतीच बिले दाखवतो. फक्त ज्या तारखेत दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असतो ती तेवढी सुटते. चाचणी महिन्याच्या उत्तरार्धात घेतली तर हा दोष नजरेतूनही सुटतो. ‘फॉर्मॅट’ फंक्शनने तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मांडून अटीत घालावी. या मांडणीचे दोन अर्थ होत नाहीत. बिलाच्या तारखेबरोबर वेळही साठवली जात असेल तर ‘३१ मार्चपर्यंत’ ही अट ३१ मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्रीच्या क्षणाशी थांबते आणि त्या दिवसाची बिले गळतात. तिथे ‘१ एप्रिलच्या आधी’ अशी अट लिहावी.

रिकामे ओळखणे आणि सांगणे

अटी सबफॉर्मला लावून झाल्यावर त्याच्या ‘रेकॉर्डसेटक्लोन’चा (निकालातल्या नोंदींच्या संचाच्या प्रतीचा) ‘रेकॉर्डकाउंट’, म्हणजे ओळींची संख्या, पाहावा. तो शून्य असेल तर निकाल रिकामा आहे, हे निश्चित समजावे. शून्यापेक्षा मोठा आकडा मात्र लगेच पूर्ण मानू नये, कारण तोवर वाचलेल्या ओळींचीच ती संख्या असू शकते; एकूण संख्या दाखवायची असेल तर आधी ‘मूव्हलास्ट’ करावे, म्हणजे शेवटच्या नोंदीवर जावे. रिकाम्या रेकॉर्डसेटवर ‘मूव्हलास्ट’ केले तर ३०२१ क्रमांकाची, म्हणजे चालू नोंद नसल्याची, चूक येते, म्हणून शून्याची तपासणी नेहमी त्याच्या आधी करावी.

‘डीकाउंट’ या नोंदी मोजणाऱ्या फंक्शनने आधीच मोजून, शून्य आल्यास अटी लावायच्याच नाहीत आणि जुनी यादी तशीच ठेवायची, अशीही एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. आधीच्या शोधाच्या ओळी समोर राहिल्या तर घाईत असलेला माणूस त्याच ओळींना नव्या प्रश्नाचे उत्तर समजतो, आणि एका पार्टीची बाकी दुसऱ्या पार्टीला सांगितली जाते.

निकाल रिकामा असेल तर सबफॉर्म लपवावा आणि त्याच जागी मोठ्या अक्षरांतला संदेश दाखवावा. मेसेज बॉक्स या कामासाठी योग्य नाही, कारण एंटर दाबण्याच्या सवयीने तो वाचण्याआधीच बंद होतो आणि नंतर फॉर्मवर काही खूण उरत नाही. संदेशात कशाचा शोध घेतला हे स्पष्ट यावे: ‘नाव: बोल्ली, गाव: अक्कलकोट, १ जानेवारी ते ३१ जानेवारी २०२४ या अटींत एकही बिल सापडले नाही.’ वापरलेल्या अटी पुन्हा वाचल्या की टाइप करण्यातली चूक बऱ्याचदा तिथल्या तिथे लक्षात येते. त्यानंतर कर्सर नावाच्या रकान्यात नेऊन आतला मजकूर निवडून ठेवावा, म्हणजे थेट नवे नाव टाइप करता येते. ‘बिल छापा’, ‘पावती करा’, ‘खाते उघडा’ ही निवडलेल्या ओळीवर चालणारी बटणे त्या वेळी बंद ठेवावीत. ती चालू राहिली तर फॉर्ममध्ये किंमतच नसल्याची २४२७ क्रमांकाची चूक येऊ शकते आणि दिवाणजींना तिचा काहीच बोध होत नाही.

संदेश मराठीत लिहिताना एक तांत्रिक अडचण येते. व्हीबीए या ॲक्सेसच्या कोडच्या भाषेचा एडिटर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरसंकेत पद्धत) मानत नाही, त्यामुळे कोडमध्ये थेट देवनागरी लिहिली तर तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. फॉर्मच्या प्रॉपर्टी शीटमध्ये मात्र देवनागरी व्यवस्थित राहते. म्हणून ठरलेली वाक्ये लेबलच्या ‘कॅप्शन’मध्ये लिहून ठेवावीत आणि कोडमधून ते लेबल फक्त दाखवावे किंवा लपवावे. वाक्ये जास्त असतील तर त्यांचे एक छोटे टेबल करून ‘डीलुकअप’ने (टेबलातून एक किंमत शोधून आणणाऱ्या फंक्शनने) वाक्य आणावे आणि लेबलला द्यावे. टेबलातून येणारा मजकूर व्हीबीएमधून जाताना बिघडत नाही. अडचण फक्त कोडमध्ये लिहिण्याची आहे.

सबफॉर्मच्या फूटरमधल्या बेरजेकडेही पाहावे. ओळी नसताना तिथे बऱ्याचदा एररचे चिन्ह दिसते आणि ‘नल’च्या जागी शून्य देणारे ‘एनझेड’ फंक्शन लावूनही ते जात नाही, कारण तिथे ‘नल’ ही किंमत नसते, तर वाचण्याजोगी किंमतच नसते. ‘आयआयएफ’ या अट तपासणाऱ्या फंक्शनने आधी ओळींची संख्या तपासावी आणि ती शून्यापेक्षा जास्त असेल तरच बेरीज करावी.

कोणत्या अटीने शोध रिकामा केला

माझ्या मते या सगळ्या कामात वापरणाऱ्याला खरा आधार देणारा भाग हा आहे, आणि नेमका तोच सहसा केला जात नाही. तीन अटी देऊन शोध रिकामा आला, तर फॉर्मने त्याच अटी सुट्या करून पुन्हा मोजाव्यात. फक्त नावावर किती नोंदी आहेत, नाव आणि गाव यांवर किती, नाव आणि तारीख यांवर किती, हे ‘डीकाउंट’ने काढता येते, शोध रिकामा आल्यावरच ही मोजणी करायची असल्यामुळे रोजच्या वेगावर तिचा भार पडत नाही. मग संदेशाखाली दुसरी ओळ येते: ‘या नावाची खाती अक्कलकोटमध्ये आहेत, पण या तारखांत त्यांचे बिल नाही’, किंवा ‘या नावाचे खाते आहे, पण त्याचे गाव वेगळे लिहिलेले आहे’. पहिल्या ओळीवरून दिवाणजी पार्टीला खात्रीने सांगू शकतात की जानेवारीत माल गेलेला नाही. दुसरीवरून त्यांना कळते की नवे खाते उघडण्याआधी असलेले खाते पाहिले पाहिजे.

‘नवे खाते’ हे बटण सुरुवातीला बंद ठेवावे आणि फक्त नावावर किंवा फक्त फोनवर घेतलेला शोधही शून्य निघाला तरच ते चालू करावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

आपल्या नावांचा आणि लिपीचा प्रश्न

सोलापूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा बोलणाऱ्यांचे शहर आहे. पूर्व भागातली तेलुगू आडनावे आणि अक्कलकोट, विजयपूर, कलबुर्गी भागांतल्या पार्ट्यांची कन्नड नावे देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर आणि द्वित्त यांत फरक पडतोच. ‘चिलका’ आणि ‘चिल्का’, ‘बोल्ली’ आणि ‘बोली’, ‘येमुल’ आणि ‘येमूल’ ही माणसाला एकच वाटणारी रूपे संगणकाला वेगळी असतात. गावांचेही तसेच आहे. जुन्या खात्यांत विजापूर आणि गुलबर्गा लिहिलेले असते, नव्यांत विजयपूर आणि कलबुर्गी. गावासाठी मोकळा रकाना न ठेवता कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडण्याचा रकाना) ठेवून ‘लिमिट टू लिस्ट’ ‘यस’ करावे, म्हणजे गावाची तरी एकच रूढ नोंद राहते.

एकाच रूपाचे संकेतही दोन असू शकतात. ‘गोऱ्हे’ या आडनावातला ‘ऱ्ह’ एका कीबोर्डवर युनिकोडमधल्या २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’पासून बनतो, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह यांपासून. ‘ॲ’ हे अक्षर २४१८ या एका संकेताने लिहिता येते आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात ते जुळतीलच याची खात्री नसते. फोन नंबर एका दिवाणजींनी देवनागरी अंकांत भरला आणि दुसऱ्यांनी इंग्रजी अंकांत शोधला, तरी हीच अडचण येते.

यावर उपाय म्हणजे टेबलात एक जादा फील्ड ठेवावे. त्याला ‘शोधरूप’ म्हणू. नोंद जतन होताना नावातून सगळ्या मोकळ्या जागा, ८२०४ आणि ८२०५ क्रमांकांची न दिसणारी चिन्हे काढून टाकावीत. ‘ऱ’चा ‘र’ करावा. अर्धचंद्रवाल्या ‘अ’चे एकसंध ‘ॲ’ करावे. दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करावेत. २४०६ ते २४१५ या देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत. आणि जे उरेल ते या फील्डमध्ये लिहावे. कोडमध्ये ही अक्षरे ‘सीएचआरडब्ल्यू’ फंक्शनला क्रमांक देऊन मिळवावीत. शोधलेल्या नावावरही हेच संस्कार करून तुलना ‘शोधरूप’ या फील्डशी करावी. मूळ नावाला अजिबात हात लावू नये, कारण बिलावर पार्टीने सांगितलेलेच रूप छापले गेले पाहिजे. ‘चिलका’ आणि ‘चिल्का’ यांसारखा फरक या संस्कारांनीही मिटत नाही. त्यासाठी शोध रिकामा आल्यावर नावाच्या पहिल्या दोन अक्षरांनी सुरू होणारी खाती खालच्या यादीत दाखवावीत.

जुनी खाती श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेली असतील तर ती युनिकोडने शोधून कधीच सापडणार नाहीत. अशा टेबलाचे रूपांतर एकदाच करून घ्यावे. तोवर शोधाच्या फॉर्मवर ‘जुनी खाती यात नाहीत’ असे स्पष्ट लिहावे.

शोधाच्या इतर जागा

‘फाइंडफर्स्ट’ने (अटीत बसणारी पहिली नोंद शोधून) नोंदीवर जायचे असेल तर ‘बुकमार्क’ (नोंदीची जागा दाखवणारी खूण) देण्याआधी ‘नोमॅच’, म्हणजे काही जुळले नाही का, हे तपासणे आवश्यक आहे. ते न केल्यास न सापडलेल्या नोंदीऐवजी भलतीच नोंद समोर येऊ शकते. ‘डीलुकअप’ला काही सापडले नाही तर तो ‘नल’ देतो, आणि ते थेट मजकुराच्या किंवा संख्येच्या व्हेरिएबलमध्ये घेतले तर ९४ क्रमांकाची चूक येते. तिथे ‘एनझेड’ उपयोगी पडते, पण विचार करून वापरावे. ‘खातेच नाही’ आणि ‘बाकी शून्य’ या दोन्हींचे उत्तर शून्य देणे हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे.

रिपोर्टला ‘ऑन नो डेटा’ हा स्वतंत्र इव्हेंट असतो. त्यात संदेश देऊन ‘कॅन्सल’ केले की कोरा कागद छापला जात नाही. मात्र ज्या बटणाने रिपोर्ट उघडला त्याच्या कोडमध्ये २५०१ क्रमांकाची चूक येते आणि ती तिथे शांतपणे गिळावी लागते. फॉर्मला असा इव्हेंट नाही, म्हणून ओळींची मोजणी आपणच करायची असते.

गिळायची ती हीच एक चूक. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहून सगळ्या चुका दाबून टाकल्या, तर सर्वांत मोठा गोंधळ होतो. डेटाची फाइल गोडाऊनमधल्या किंवा मालकांच्या टेबलावरच्या दुसऱ्या संगणकावर असते. तो संगणक बंद असला किंवा नेटवर्क तुटले, तर ३०२४ किंवा ३०४४ क्रमांकाची चूक येते. ती दाबली गेली की फॉर्म रिकामा दिसतो आणि ‘अशी पार्टी नाही’ असेच उत्तर दिले जाते. चुका हाताळणाऱ्या कोडमध्ये आलेला चुकीचा प्रत्येक क्रमांक वेगळ्या रंगाच्या लेबलवर दाखवावा: ‘शोध पूर्ण झाला नाही, डेटाच्या फाइलशी संपर्क नाही.’ या स्थितीत ‘नवे खाते’ हे बटण कोणत्याही परिस्थितीत चालू राहता कामा नये.

फॉर्म दिवाणजींच्या हाती देण्याआधी फाइलची प्रत काढून तिच्यावर चाचणी घ्यावी. अस्तित्वात नसलेले नाव, सगळे रकाने कोरे, वरचा स्वल्पविराम असलेले नाव, ५ मार्च आणि २५ मार्च या दोन्ही तारखा, देवनागरी अंकांतला फोन, आणि नेटवर्कची वायर काढून घेतलेला शोध, इतके प्रकार तरी करून पाहावेत. त्यानंतर बिलांचे टेबल पूर्ण रिकामे करून फॉर्म उघडावा, कारण दरवर्षी नवी फाइल सुरू करणाऱ्या पेढीवर १ एप्रिलच्या सकाळी नेमकी हीच स्थिती असते. पुढचा बिल नंबर ‘डीमॅक्स’ला (सर्वांत मोठा आकडा देणाऱ्या फंक्शनच्या उत्तराला) एक मिळवून काढलेला असेल, तर त्या सकाळी ‘डीमॅक्स’ ‘नल’ देतो आणि पहिले बिलच निघत नाही. ‘डीमॅक्स’ आधी ‘एनझेड’मध्ये घालून शून्य धरावे आणि मग त्यात एक मिळवावा.